रिलिव्हर

अँटेनाचा खांब गाडीच्या छतावर नीट बसतो की नाही, एवढंच पाहायला मी गेलो होतो. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे सांगणार आहे त्यातलं किती घडलं आणि किती माझ्या डोक्यानं नंतर जुळवलं, याची मला स्वतःलाच खात्री देता येत नाही. मी सगळी नोकरी रेडिओलहरी शिकवण्यात घालवली. लहर कुठून निघते, कशावर आदळते, कुठे विरते, हे फळ्यावर मांडणं मला चांगलं जमायचं. मात्र प्रत्यक्ष टॉवरवर मी एकदाही चढलो नाही. उंचीची भीती वाटते. विद्यार्थ्यांना हे कधी कळू दिलं नाही.

माझा मुलगा सुजित चाकणच्या एका कंपनीत होता. ती नोकरी सोडून त्यानं म्हाळुंग्याच्या बाजूला एक शेड भाड्यानं घेतली आणि तिथे जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची घरगाडी बनवली. आत दोन बाक, ते जोडले की पलंग. घडीचा ओटा, छोटी शेगडी, खाली पाण्याची टाकी, छतावर सोलर. बाजूनं ओढून काढायची कापडी पडवी. हिंजवडीतल्या लोकांना ही गाडी भाड्यानं द्यायची, त्यांनी डोंगरात जाऊन बसायचं आणि तिथूनच काम करायचं, असा त्याचा बेत. माझी सून वर्षाली हिंजवडीतच कामाला. ती म्हणाली, डोंगरात कशाला, आमच्या चौकातच उभी कर. ट्रॅफिकमध्ये स्वयंपाक होईल, जेवण होईल, शिफ्टही तिथेच संपेल.

पण डोंगरात काम करायचं तर इंटरनेट हवं. म्हणून घडीचा खांब, त्यावर अँटेना, आत बूस्टर आणि राउटर. हे सामान सुजितनं आणलं आणि ते कसं जोडायचं ते मी सांगितलं. वर्षालीची त्या दिवशी संध्याकाळी परदेशातल्या लोकांशी मीटिंग होती. ती गाडीतून न तुटता पार पडली, तर जागा आणि गाडी दोन्ही पास, असं ठरलं. पुनावळ्यातल्या फ्लॅटमध्ये एकटा बसून राहण्यापेक्षा मीही त्यांच्याबरोबर निघालो.

चाकणच्या पश्चिमेला भामा नदीच्या खोऱ्यात शिरलं की कंपन्यांची शेडं हळूहळू मागे पडतात. रस्ता अरुंद होतो, आणि फोनवरच्या रेघा एकेक करून जातात. करंजदरा हे गाव अशा रेघा संपल्यानंतरचं. तिथल्या गेनबांच्या पडीक वावरात गाडी लावायची परवानगी सुजितनं काढली होती. गेनबा स्वतः चाकणला एका कंपनीत, सकाळच्या शिफ्टला. दुपारी घरी आले ते सरळ गाडीपाशीच. आत डोकावून बघितलं, बाकावर बसून बघितलं, नळ सोडून बघितला.

"बंगला चाकावर बसवला की राव," ते सुजितला म्हणाले. "आता फक्त बायकोला भांडून माहेरी जायची सोय राहिली न्हाई. माहेरासकट हाय सगळं."

रेंजचं विचारल्यावर त्यांनी वावराच्या वरच्या अंगाला बोट दाखवलं. तिथे एक सिमेंटचा चौथरा होता, चारही कोपऱ्यांना गंजलेले बोल्ट वर आलेले. शेजारी बिनदाराची, बिनछपराची एक छोटी खोली. पूर्वी तिथे टॉवर होता, तो कंपनीनं काढून नेला. तरी सगळ्या गावात रेंज फक्त तिथेच येते, तीही दिवेलागणीला. लोक तेव्हा फोन घेऊन तिथे जमतात. पोरांचे निकाल, मुलींची स्थळं, दवाखान्याच्या तारखा, सगळं चौथऱ्यावर.

टॉवर नसताना रेंज कशी, असं सुजितनं माझ्याकडे बघत विचारलं. मी सांगितलं, पलीकडे धरणाचं पाणी आहे, संध्याकाळी पाण्यावरची हवा थंड होते, लांबच्या टॉवरची लहर त्या थरात वाकून इथवर येत असेल. हे अशक्य नाही. पण ती एका चौथऱ्यापुरतीच का यावी, हे मला सांगता आलं नसतं. कोणी विचारलं नाही म्हणून बरं झालं.

गेनबांनी मान हलवली. मग त्यांनी त्यांच्या बाजूचं सांगितलं, तेही अगदी सहज, पाण्याची पाळी सांगावी तसं. टॉवर होता तेव्हा जनरेटर सांभाळायला गावातलाच गोरक्ष नावाचा मुलगा होता, सरुबाईचा एकुलता एक. एका पावसाळ्यात ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला आणि त्याची पाळी घ्यायला चाकणहून येणारा रिलिव्हर येऊ शकला नाही. फोनवर साहेबांनी बजावलं, रिलिव्हर येईपर्यंत जागा सोडायची नाही. आई जेवण घेऊन आली तर म्हणाला, आता येईलच कोणी, मग घरीच येतो जेवायला. पाऊस आत येत होता म्हणून त्यानं खोलीचं दार लावून घेतलं. जनरेटर आतच चालू होता. त्या धुरानं तो बसल्या जागीच गेला.

"रिलिव्हर काय आलाच न्हाई," गेनबा म्हणाले. "म्हनून तो उठला न्हाई. आजून हाय ड्युटीवर. आमी घरटी पाळी लावून रोज ताट नेऊन ठेवतो चौथऱ्यावर. ताट रिकामं होतं, रेंज येती."

ज्या दिवशी ताट चुकतं त्या दिवशी रेंज नसते, हेही त्यांनी सांगितलं. मी हसलो नाही. हसायची माझी तयारी होती, पण त्यांच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं.

सरुबाईंना मी त्याच दुपारी बघितलं. वय माझ्याच आसपासचं, अंग काटकुळं. ओळख करून दिल्यावर त्यांनी मला एकच विचारलं, तुम्ही कंपनीकडनं आलात का? मी नाही म्हणालो. त्या गेल्यावर गेनबांनी खुलासा केला. गावात कुणीही नवीन माणूस आला की त्या हेच विचारतात. गावाला रेंज हवी आहे. सरुबाईंना रेंजशी काही घेणं नाही. कुणीतरी येऊन पोराला सोडवावं आणि त्यानं एकदा घरी येऊन जेवावं, तेवढ्यासाठी त्या तग धरून आहेत.

खांब उभा करायला आम्हाला बराच वेळ लागला. दोऱ्यांचे तिढे सोडवले, ताण दिले, अँटेनाचं तोंड चाकणच्या दिशेला केलं. केबल छताच्या भोकातून आत सोडली. सुजित पाणी आणायला गेला आणि आतली जोडणी माझ्यावर सोपवली. मी बूस्टर चालू केला, राउटर चालू केला. हिरवे दिवे लागले. हातातल्या सिग्नल मोजायच्या मीटरवर मला अपेक्षा नव्हती इतका चांगला आकडा आला. वर्षालीनं लॅपटॉप उघडला, समोरचे लोक स्वच्छ दिसले, तिनं अंगठा वर केला. मला अभिमान वाटला. या वयात असं काही आपल्या हातून नीट होणं फार क्वचित घडतं.

त्या अभिमानातच मी राउटरचा पासवर्ड काढून टाकला. गेनबांना सांगितलं, आज कुणी चौथऱ्यावर जाऊ नका, सगळे इथेच या, मोकळं आहे. लोक आले. बायका बांधावर बसल्या, पुरुष उकिडवे. सगळ्यांचे चेहरे खालून उजळलेले. ताटाची पाळी कुणाची होती ते मी विचारलं नाही. कुणी उठलंही नाही.

सूर्य डोंगराआड गेला होता, पण उजेड अजून होता. लोक गाडीच्या पुढच्या बाजूला होते. मी मागे, खांबापाशी घडीच्या खुर्चीत मीटर घेऊन बसलो होतो. वर्षाली आत बोलत होती, तिचं इंग्रजी पत्र्यातून अस्पष्ट ऐकू येत होतं. तेवढ्यात जळक्या डिझेलचा वास आला. आमची गाडी बंद होती. मी वर पाहिलं.

पडवीच्या कापडाच्या कडेला एक माणूस उभा होता. अंगात करड्या रंगाचं कंपनीचं जॅकेट, कानाला मफलर. गावात निम्मे लोक कंपन्यांत जातात, त्यामुळे त्यात वेगळं काही वाटलं नाही. तो इंटरनेटसाठीच आला असणार असं मी धरून चाललो. त्याच्या हातात फोन नव्हता, हे मला नंतर आठवलं. किंवा नंतर वाटलं.

"हे तुमचंच व्हय?" त्यानं विचारलं. आवाज बसलेला होता.

"हो," मी म्हणालो.

"म्हंजे रेंज आता तुमी धरली..."

मीटरवरचा आकडा हलत नव्हता. "धरलीय की," मी म्हणालो.

"तुटनार न्हाई?"

"नाही तुटणार. मी बघतोय ना."

त्यानं श्वास सोडला. इतका लांब श्वास मी कुणाला सोडताना ऐकलेला नाही. डिझेलचा वास एकदम दाट झाला आणि मला ठसका लागला.

"मग... मी जाऊ?"

रात्रपाळीला निघाला असेल, मला वाटलं. वडीलधाऱ्या माणसाला विचारून जायची रीत असते. बरा मुलगा दिसला.

"जा की," मी म्हणालो. "मी आहे इथे."

ठसका थांबल्यावर मी डोळे पुसले तेव्हा तो तिथे नव्हता. गाडीच्या पुढे गप्पा चालू होत्या. आत वर्षाली हसली, मीटिंग संपत आली असावी.

अंधार पडता पडता सरुबाई आल्या. हातात झाकलेलं ताट. पाळीचं कुणी आलं नाही म्हणून त्या स्वतःच ताट घेऊन चौथऱ्यावर गेल्या होत्या. खूप वेळ बसल्या. ताटाला हात लागला नाही, आणि जवळचा फोन काढून बघितला तर त्यात रेंज नव्हती. हे त्यांनी गेनबांना सांगितलं तेव्हा सगळ्यांच्या गप्पा थांबल्या. कुणी आलं होतं का इकडे, सरुबाईंनी विचारलं. मी म्हणालो, एक जण येऊन गेला. जॅकेट सांगितलं. मफलर सांगितला. बांधावरच्या एका बाईनं पदर तोंडाशी नेला.

"काय म्हनाला?" सरुबाई म्हणाल्या.

मी सांगितलं.

"आन् तुमी काय म्हनाला?"

"जा म्हणालो... मी आहे इथे, असं म्हणालो."

सरुबाईंनी माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्यात राग नव्हता. त्यांनी ताट तिथेच बांधावर ठेवलं आणि त्या वयाच्या मानानं फारच भराभर घराकडे निघाल्या. गेनबा हळू आवाजात म्हणाले, दार उघडायला गेली.

सकाळी आम्ही आवरायला घेतलं. सुजितनं ओट्याखालचा कप्पा उघडला आणि मला हाक मारली. अँटेनाची केबल तिथे वेटोळं करून पडली होती. तिच्या टोकाचं प्लास्टिकचं टोपण तसंच होतं. मी ती बूस्टरला जोडलीच नव्हती. खांब, अँटेना, सगळं नुसतंच वर उभं होतं. सुजित काही बोलला नाही, केबल गुंडाळत राहिला. अलीकडे मी गॅस चालू ठेवतो, चष्मा फ्रीजमध्ये ठेवतो, आणि तेव्हाही तो असाच बोलत नाही. मी म्हणालो, राउटरच्या आतल्या अँटेनानं धरलं असेल. असेलही. मग हातातला मीटर बघितला. त्यावर काहीच नव्हतं.

म्हणजे आदल्या संध्याकाळी जे मी माझं म्हणून सांगितलं, ते माझं नव्हतं.

निघण्यापूर्वी मी गेनबांना घेऊन सरुबाईंच्या घरी गेलो. का गेलो, ते सांगता येत नाही. माफी मागायला म्हणावं तर माफी कशाची, हे मला ठाऊक नव्हतं. दार सताड उघडं होतं. उंबऱ्याच्या आत गोधडी अंथरलेली, शेजारी तांब्याभांडं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, रात्रभर तशाच बसल्या असाव्यात.

"सुटी झाली," त्या म्हणाल्या. "पन आला न्हाई. वाटंतच आडकला."

मी म्हणालो, सरुबाई, आम्ही आता निघतोय.

त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मंद विद्यार्थ्याकडे बघावं तसं, पण मायेनं.

"दादा, जागा तुमी घेतली ना? तुमी तिथं न्हाई बसला तर तो हितं कसा येईल?" आणि मग, अगदी खालच्या आवाजात, "ऱ्हाता का? आमी काय कमी पडू देनार न्हाई."

मी म्हणालो, माझी औषधं आहेत. डॉक्टर पुनावळ्यात आहेत. मुलाचं काम आहे. हे सगळं खरं होतं. त्यांनी मान हलवली. गेनबा जमिनीकडे बघत होते. आम्ही निघालो तेव्हाही दार उघडंच होतं.

गावातली रेंज त्या दिवसापासून गेली. हे मला गेनबांनीच फोन करून सांगितलं, चाकणच्या कंपनीच्या गेटवरून. लोक आता फोनसाठी डोंगर चढून जातात, ताटाच्या पाळ्या बंद झाल्या, सरुबाई एकट्याच रोज चौथऱ्यावर ताट ठेवतात आणि रोज तसंच उचलून आणतात. घराचं दार काही लावत नाहीत. कुत्री आत शिरतात, म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला मात्र तो फोन ठेवल्यावर बराच वेळ हात कुठे ठेवावेत ते सुचेना. मी सुजितला म्हणालो, मला एकदा तिकडे नेशील का? तो म्हणाला, नेईन, पुढच्या आठवड्यात. पुढचा आठवडा येत गेला.

त्या सुमारास मला संध्याकाळी डुलकी लागू लागली. गॅलरीत खुर्ची आहे, समोर हायवेचा पूल, खाली मुलांचा गलका. दिवे लागायची वेळ झाली की डोळे मिटायचे. झोप म्हणावी अशी नव्हती ती. पाठीला थंड सिमेंट टेकल्यासारखं वाटायचं आणि कानात सारखी घरघर. जागा झालो की गार झालेला असायचो आणि भूक मेलेली असायची. रात्रीचं जेवण जाईना. डॉक्टरांनी पोटाचा फोटो काढला. जुनी आम्लता आहे, वय आहे, घाबरू नका, असं म्हणाले. वजन मात्र कमी झालेलं नव्हतं. त्याचं त्यांना थोडं नवल वाटलं.

मग एके दिवशी भर सकाळी गेनबांचा फोन आला. आवाज लख्ख होता.

"सायेब, चौथऱ्यावरनं बोलतोय," ते म्हणाले. "आता दिवसाबी येती रेंज. पयल्यापेक्षा बरी हाय." मी विचारलं, कधीपासून? ते नीट बोलले नाहीत. म्हणाले, ताट रिकामं व्हायला लागलंय पुन्हा. मग म्हणाले, धरा, मावशीला बोलायचंय.

सरुबाईंना फोनवर बोलायची सवय नव्हती. त्या आधी नुसत्या श्वास घेत राहिल्या.

"दादा," त्या म्हणाल्या. "गोरक्ष घरी आला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जेवला. आता निजलाय आत. लई दमलाय... मी दार लावून घेतलंय." थोडं थांबून त्या पुढे म्हणाल्या, "तुमच्या ताटात ठेचा तसाच ऱ्हातोय रोज. तिखट चालत न्हाई का तुमाला?"

मला तिखट चालत नाही. कित्येक वर्षं चालत नाही. माझ्या तोंडून "नाही" असं गेलं.

"मग आजपासून दुधात कुस्करून ठेवते भाकर," त्या म्हणाल्या. आवाजात इतकी काळजी होती की मला माझी आई आठवली. "तेवढं उठू नका तिथनं, दादा. तुमी उठला की त्याला उठावं लागंल."

मी फोन ठेवला. सुजितला हे सांगितलं नाही, कारण केबलच्या त्या प्रकारानंतर तो माझ्याकडे जरा जपूनच बघतो. दिवसभर मी स्वतःला समजावत राहिलो. खेड्यातली म्हातारी, पोराच्या दुःखानं हललेली. मीही म्हातारा, विसराळू. दोन कमकुवत डोकी एकमेकांना पूरक ठरली, झालं. दुपारी वरणभात खाल्ला, तोही थोडाच. संध्याकाळी मुद्दाम गॅलरीत बसलो नाही. घरातच, ट्यूबलाइटखाली, वर्तमानपत्र घेऊन बसलो. तरी डोळा लागला.

वर्षालीनं जेवायला हाक मारली तेव्हा जागा झालो. भूक नाही म्हणालो. "बाबा, निदान थोडं तरी," ती म्हणाली. मी म्हणालो, आलोच, आणि तोंड धुवायला बेसिनपाशी गेलो. चूळ भरली आणि थुंकली. पाणी पांढुरकं होतं. जाळीवर बाजरीच्या भाकरीचे बारीक कण अडकले होते, दुधात भिजून मऊ झालेले.

आमच्या घरी बाजरी येत नाही.